वरची वाट मोकळी

"कधी यावं?" हा प्रश्न माहितीबाईंना एकोणीस वर्षं विचारला जात होता. फोनवर, खिडकीतून, बसथांब्यावर. एकदा तर दातांच्या डॉक्टरने त्यांचा जबडा उघडा धरून विचारलं होतं, "मग डोंगरावर जायला बरा मोसम कोणता हो?" राष्ट्रीय उद्यानाच्या पायथ्याशी चौकशीची एक खोली होती. तिच्या खिडकीशी त्या बसत, म्हणून सगळं गाव त्यांना माहितीबाई म्हणे. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथे ते सुखात होतं.

उत्तर त्यांच्या जिभेवर तयार असे. फुलं बघायची असतील तर उन्हाळा सरताना या. जनावरं बघायची असतील तर पानगळीत या, तेव्हा ती पाणवठ्यावर येतात. बर्फ हवा असेल तर भर थंडीत या, पण खालच्याच वाटेने फिरा. आणि यातलं काहीच कळत नसेल, तर पाऊस संपल्यावरच्या सहा आठवड्यांत डोळे मिटून या. हवा धुतलेली असते आणि वाटा घट्ट असतात.

एकाच काळाला त्या ठाम नकार देत. थंडी सरते, वरचा बर्फ पाझरू लागतो, ते तीन आठवडे. ‘हा दोन मोसमांचा सांधा आहे, आणि सांधा म्हटला की तो दुखणारच. या दिवसांत वर जाऊ नये.’ उद्यानाच्या माहितीपत्रकातलं हे वाक्य त्यांनी स्वतः लिहिलं होतं. मोठ्या साहेबांनी ते खोडायला सांगितलं होतं, पण बाईंनी ते खोडलं नाही. लोक हुज्जत घालत, आम्हाला सुट्टी तेव्हाच मिळते म्हणत. बाई म्हणत, "सुट्टी तुमची असेल हो, डोंगर तुमचा नाही." आणि फोन ठेवून देत.

मग एक दिवस लेकीचा फोन आला.

लेक दूरच्या शहरात कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात होती. दिवसभर दुसऱ्यांचे दात घासून गुळगुळीत करायचे आणि स्वतः डबा खायलाही वेळ मिळायचा नाही, अशी तिची नोकरी. वर्षातून एकदाच भट्ट्या दुरुस्तीला काढत, तेव्हा दोन आठवडे सुट्टी मिळे. ती सुट्टी नेमकी सांध्यात येई. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि या दोन वर्षांत लेकीचं तोंड त्यांनी फोटोतच पाहिलं होतं.

"आई, आम्ही यायचं म्हणतोय. ह्यांना वरचं तळं बघायचंय," लेक म्हणाली. "पण तूच म्हणतेस ना, सांध्यात येऊ नये?"

माहितीबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. ऊन स्वच्छ पडलं होतं.

"अगं, ते लोकांसाठी लिहिलंय," त्या म्हणाल्या.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं म्हणतात ते उगाच नाही. पण त्या क्षणी बाईंना पाषाण वगैरे काही आठवलं नाही. पलंगावर नवी चादर घालायची आणि जावयासाठी उंच उशी आणायची, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

आता त्या खोलीतली पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अडलं. भिंतीवर एक फळा होता. प्रत्येक वाटेच्या नावापुढे एक खिळा आणि त्या खिळ्यावर टांगायला दोन लाकडी पाट्या होत्या. हिरवी म्हणजे ‘खुली’, तांबडी म्हणजे ‘बंद’. रोज सकाळी आठला बाई वायरलेसवरून वरच्या चौकीला विचारत, "वरची वाट खुली की बंद?" वरून या दोनांपैकी एक शब्द येई. तो नोंदवहीत लिहायचा आणि पाटी टांगायची. तिसरा शब्द चालत नसे. हा नियम जुन्या साहेबांनी घातला होता आणि एकोणीस वर्षांत बाईंनी तो एकदाही मोडला नव्हता.

वरच्या चौकीत या थंडीपासून नवा पहारेकरी आला होता. पन्नाशीचा, डोंगरापलीकडच्या वस्तीवरचा. बॅटरी वाचवायची म्हणून इतकं कमी बोलायचा की सगळ्यांनी त्याचं नाव ‘मोजके’ ठेवलं. मोजक्यांना त्याचा राग नव्हता. राग आला असता तरी त्यांनी तो सांगितला नसता.

लेक आणि जावई बुधवारी संध्याकाळी आले. जावई घड्याळं दुरुस्त करणारा, अबोल, हसला की डोळे मिटणारा. घरात पाऊल टाकल्याबरोबर तो म्हणाला, "तुमच्या भिंतीवरचं घड्याळ जरा लंगडतंय, आई." त्याने ते खाली काढून नीट करून दिलं. बाईंना जावई तिथल्या तिथे पसंत पडला. रात्रभर घड्याळ सरळ चाललं आणि लेकीच्या श्वासाचा आवाज बाजूच्या खोलीतून येत राहिला.

गुरुवारी सकाळी दोघं बूट घालून, पाठीवर पिशव्या घेऊन चौकशीच्या खिडकीबाहेर हजर झाली. लेकीने खिडकीतून हात आत घालून आईच्या टेबलावरची गोळी उचलून तोंडात टाकली, लहानपणी टाकायची तशीच. तळ्याच्या वाटेपुढे महिनाभर तांबडी पाटी होती. आठ वाजले. बाईंनी वायरलेस उचलला, लेकीकडे पाहिलं, आणि एकोणीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं तसं विचारलं.

"वाट मोकळी आहे ना हो?"

खरखर झाली. मग मोजक्यांचा आवाज आला, "हो बाई. चांगलीच मोकळी झालीय."

बाईंनी नोंदवहीत लिहिलं, ‘वरची वाट मोकळी’. उठून तांबडी पाटी काढली आणि हिरवी टांगली.

"बघ," त्या लेकीला म्हणाल्या, "तुझं नशीब जोरावर आहे."

सकाळ मजेत गेली. बाईंनी चार फोन घेतले आणि चौघांनाही सांध्यात येऊ नका म्हणून बजावलं. आपलं आपल्याला हसूही आलं. अकराच्या सुमाराला मागच्या दाराने मोजके आत आले. दर गुरुवारी ते रसद न्यायला खाली येत. रहदारीच्या वाटेने न येता जंगलातल्या आडवाटेने येत, ती जवळ पडते. त्यांनी पाठीवरची रिकामी टोपली उतरवली, मडक्यातलं पाणी प्यायले आणि पेला पालथा घालताना त्यांची नजर फळ्यावर गेली.

"ही हिरवी कुणी लावली?"

"मी," बाई म्हणाल्या. "तुम्हीच नाही का म्हणालात?"

"मी कधी म्हणालो?"

"सकाळी. मोकळी झालीय म्हणालात."

मोजक्यांनी पेला ठेवला. "मोकळीच झालीय," ते म्हणाले. "सगळा उतार मोकळा झालाय. दगड सुटलेत, बाई. बर्फाने धरलं होतं, ते सुटलं. त्या चाळणीच्या उतारावरून दुपारी पाखरूसुद्धा जात नाही आता."

शब्द तोच होता. खुरप्याने माती मोकळी करतात, केस मोकळे सोडतात, आणि रस्ताही मोकळा असतो. त्यांच्या घरात मोकळं म्हणजे रिकामं, बिनधोक. डोंगरापलीकडच्या त्या माणसाला मोकळं म्हणजे सुटलेलं. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात, बाईंना ते भरदिवसा कानाने ऐकू आलं होतं.

"वर कुणी गेलंय का?" मोजक्यांनी विचारलं.

बाईंनी पलंगाच्या नव्या चादरीसारखं काहीतरी हाताने सपाट केलं, टेबलावर, हवेत. मग म्हणाल्या, "माझी लेक."

मोजक्यांनी टोपली तिथेच सोडली.

जीपने रस्ता संपेपर्यंत अर्धा तास लागला आणि तिथून पुढे पायी. बाईंचं वय अठ्ठावन्न, गुडघे त्याहून जुने. मोजके म्हणाले, तुम्ही थांबा. बाई थांबल्या नाहीत. वर फोन लागत नव्हता. चौकीतला वायरलेस बंद दाराआड पडला होता, कारण तो ऐकणारा माणूस त्यांच्यापुढे चालत होता. दर वळणावर बाईंना वाटे, आता दोघं समोरून हसत येतील. वळण जाई आणि पुढे पुन्हा रिकामी वाट दिसे. किती छान मोकळी वाट, असं मनात आलं आणि त्यांना स्वतःची शिसारी आली.

"गेली असतील का हो पलीकडे?" त्यांनी विचारलं.

"किती वाजता निघाली?"

"सव्वाआठला. रस्त्याच्या टोकापर्यंत जीपने."

मोजक्यांनी मनात गणित केलं. "म्हणजे साडेदहाच्या आत चाळणीवर. तेव्हा तिथे सावली असते. सावलीत दगड गोठलेले असतात. गेली असतील." थोडं चालून ते म्हणाले, "जाताना भीती नाही. येताना आहे."

एवढं सलग बोललेले मोजके आजवर कुणी ऐकले नव्हते, आणि बाईंना ते ऐकायचं नव्हतं.

चाळण हे त्या उताराचं चौकीतल्या माणसांनी ठेवलेलं नाव. दोनशे पावलांचा आडवा पट्टा होता. वर कडा, खाली दरी, आणि मधून माणूसभर रुंदीची वाट. वरून जे येई ते या पट्ट्यातून खाली सांडे. बाई आणि मोजके तिथे पोचले तेव्हा अडीच वाजले होते आणि ऊन उतारावर तिरकं भरलेलं होतं. सुरुवातीला बाईंना काहीच दिसलं नाही. मग आवाज ऐकू आला. टक. टकटक. शेंगदाण्याएवढे खडे वरून उड्या मारत येत होते, वाटेवर टेकत होते आणि दरीत जात होते. त्यांच्यामागून नारळाएवढा एक दगड आला. तो मात्र टेकला नाही, हवेतूनच गेला. दरीच्या तळाशी तो कधी पोचला ते कळलं नाही.

आणि पलीकडच्या टोकाला लेक उभी होती. तिचा निळा कोट आणि मागे जावई. परत निघाली होती.

बाईंना पाहून लेकीने हात वर केला. आनंदाने, दोन्ही हात. आई आपल्याला घ्यायला आली! मग ती वाटेवर चढली.

"येऊ नको!" बाई ओरडल्या. "येऊ नको!"

वारा दरीतून वर येत होता. त्याने ‘नको’ तेवढा उचलून नेला. समोरच्या कड्यावरून परत आलं ते नुसतं "येऊ... ये..." लेकीने मान डोलावली आणि एक पाऊल पुढे टाकलं. मग आणखी एक.

मोजक्यांनी बाईंचा दंड इतका जोरात धरला की पुढे आठवडाभर तिथे वळ होता. "लांब नका ओरडू. एक शब्द. जोडाक्षर नको, दुसरा शब्द नको. एकच."

एकच शब्द. बाईंच्या डोक्यात सगळा कोश उलटापालटा झाला. थांब? वाऱ्यात त्याचा ‘आंब’ होईल. परत? बंद? आणि मग लेक दीड वर्षाची होती तेव्हाची आठवण आली. पलंगाच्या कडेला उभी राहून ती खाली वाकायची आणि आई स्वयंपाकघरातून एकाच शब्दात तिला खाली बसवायची.

"बस!" बाई ओरडल्या. "बस! बस! बस!"

लेक थबकली. तिने आईकडे पाहिलं. एवढ्या लांबून चेहरा दिसत नव्हता, पण बाईंना वाटलं की दिसला. मग तीस वर्षांची ती लेक वाटेवर मटकन खाली बसली, लहान पोरीसारखी. जावयाने मागून येऊन तिला काखेत धरलं आणि दोन्ही पावलं मागे ओढलं. पेटीएवढा एक धोंडा ती बसली होती त्याच्या हातभर पुढे आदळला, वाटेचा लचका तोडला आणि गेला.

बाईही खाली बसल्या.

पुढचं सगळं मोजक्यांनी खुणांनी केलं. पलीकडे तळ्याकाठी दगडी निवारा होता, आत कांबळी आणि लाकूड होतं. तिथे जा, रात्र काढा, पहाटे मी येतो. हे त्यांनी हातवारे करून, टोपी हलवून, आडवं होऊन झोपेचं सोंग करून दाखवलं. दुसरी एखादी वेळ असती तर बाई पोट धरून हसल्या असत्या. रात्र बाईंनी आणि मोजक्यांनी अलीकडच्या चौकीत काढली. बाई एकदाही आडव्या झाल्या नाहीत. थंडी वाढो, थंडी वाढो, एवढंच त्या म्हणत होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी आपल्या पोरीसाठी थंडी मागितली.

पहाटे उतार पांढरा आणि मुका होता. मोजके एकटे पलीकडे गेले. नेम असा ठरला होता. दोघांत दहा पावलांचं अंतर ठेवायचं. हाताने वरचा दगड धरायचा नाही, पडायला झालं तरी नाही. आणि कुणी एक शब्द बोलायचा नाही, अलीकडूनही नाही. बाईंनी ओढणीचं टोक तोंडात कोंबलं.

पुढे मोजके, मग लेक, मग जावई. पन्नास पावलं झाली. शंभर झाली. तुटलेल्या लचक्याशी मोजक्यांनी पाय लांब टाकला आणि मागे न बघता थांबले. लेकीने पाय लांब टाकला. मागचा पाय निसटला. ती गुडघ्यावर आली आणि तिचा हात आपसूक वर गेला, वरच्या दगडाकडे. नको, नको, नको, ओढणीच्या आत त्या म्हणत होत्या, आणि तो एक शब्द आता कुणालाच ऐकू जाणार नव्हता. लेकीची बोटं दगडापासून वीतभरावर थांबली. तिने हात मागे घेतला, छातीशी धरला, आणि नुसत्या गुडघ्यांच्या जोरावर उठली.

ती अलीकडे आली तेव्हा बाईंनी तिला मिठी मारली नाही. आधी तिच्या डोक्यावरून, मानेवरून, पाठीवरून हात फिरवला, काही तुटलंय का बघायला. मग मिठी मारली. जावई आला, त्यालाही तसंच तपासलं. तो बिचारा निमूट उभा राहिला.

चौकीत चहा उकळत होता. कड्याच्या माथ्यावर पहिलं ऊन पडलं आणि बाहेर ‘टक’ असा आवाज झाला. जावयाने पेला खाली ठेवला.

"काल सकाळीसुद्धा हाच आवाज होता," तो म्हणाला. "बारीक होता. मी हिला म्हटलं, आतून काहीतरी सुटतंय, परत फिरू या."

"मग?" बाईंनी विचारलं.

उत्तर लेकीने दिलं. "मग मी ह्यांना हसले. म्हटलं, माझी आई एकोणीस वर्षं लोकांना वाटा सांगतेय. तिने मोकळी म्हटली म्हणजे मोकळी. डोळे मिटून चला." ती हसायला गेली आणि तिला रडू फुटलं.

बाईंनी मोजक्यांकडे पाहिलं. मोजके म्हणाले, "चूक माझी, बाई. मी बंद म्हणायला हवं होतं."

किती सोपं होतं. मान हलवली असती तरी भागलं असतं. नवा माणूस, परका भाग, शब्दाचा घोळ, हे सगळ्यांना पटलं असतं.

"नाही," माहितीबाई म्हणाल्या. "मी तुम्हाला खुली की बंद असं विचारलंच नाही. मोकळी आहे ना, असं विचारलं. तुम्ही बंद म्हणाल म्हणून विचारलं नाही." मग त्या लेकीकडे वळल्या. "मला ठाऊक होतं गं. सांध्यात जाऊ नये हे माझंच वाक्य आहे. पण तू यायला हवी होतीस मला."

लेकीने आईचा हात धरला. बाहेर ऊन खाली सरकत होतं आणि टकटक वाढत होती.

सुट्टीचे उरलेले दिवस तिघं घरातच राहिली. बाईंनी फळ्यावर तांबडी पाटी टांगली. नोंदवहीत ‘मोकळी’वर काट मारली नाही. शेजारी ‘माझी चूक’ असं लिहून खाली सही केली. मोठे साहेब काय म्हणायचं ते म्हणोत.

निघायच्या दिवशी बसथांब्यावर इंजिन घरघरत होतं. लेक खिडकीशी बसली होती. काच खाली करून तिने डोकं बाहेर काढलं.

"आई, मग आता कधी येऊ?"

तोच प्रश्न. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. लेकीच्या केसांत उजवीकडे एक पांढरा केस होता, तो दोन वर्षांपूर्वी नव्हता.

"पाऊस संपल्यावर," त्या म्हणाल्या. "त्यानंतरच्या सहा आठवड्यांत."

"तेव्हा मला सुट्टी नसते गं. भट्ट्या याच दिवसांत बंद असतात, तुला माहितेय. पुढच्या वर्षी याच वेळी येते ना? वर नाही जाणार. घरातच राहू."

वर नाही जाणार म्हणे. जावयाला तळं पुन्हा आठवेल, ऊन स्वच्छ पडलेलं असेल, आणि वायरलेस हातात घेऊन विचारणारी बाई तीच असेल. बाईंना डोंगराची भीती वाटत नव्हती आता. स्वतःच्या कानांची वाटत होती.

बस हलली. बाई खिडकीबरोबर चार पावलं चालल्या, आणि इंजिनाच्या आवाजात शब्द हरवू नये म्हणून तोंडाशी दोन्ही हात धरून ओरडल्या.

"मग नको!"

लेकीला ते नीट ऐकू गेलं. तिच्या चेहऱ्यावरून ते कळलं.